शेणाच्या गवळणी आणि इंजिनेर

भात पिवळं पडायला लागलं की माझं डोकं फिरतं. सकाळी दार उघडावं तर तोरण्यावरचं धुकं खाली खाचरात येऊन बसलेलं असतं. बांधावरचं गवत दहिवरानं भिजलेलं असतं आणि पिकल्या इंद्रायणीचा वास न विचारता घरात शिरतो. चुलीवर भात शिजतोय असं वाटावं असा वास. चूल तर थंड असते. माणूस गेलं की त्याच्या दिवसांचे वास पण त्याच्या मागं जायला पाहिजेत. ते राहतात. दर वर्षी वेळेवर येतात आणि एकट्या माणसाच्या छातीवर बसतात.

माझी बायको इंदू गेली त्याला आता दुसरी दिवाळी. पहिल्या दिवाळीला घरात दुखवटा होता, अंगणात पणती लागली नाही, कुणी काही बोललंही नाही. यंदा मात्र गाव विचारायला लागलं. शेजारची कमल कुंपणावरनं म्हणाली, "मामा, यंदा गवळणी मांडायच्या ना? मी देते करून." मी म्हणालो, "तुझ्या गवळणींना मान नसते. बेडकावानी दिसत्यात." ती हसली, पण नंतर दोन दिवस तिनं कालवण धाडलं नाही.

आमच्या पासलीत ही चाल एवढी नव्हती. इंदूनं ती माहेराहून आणली, भोरजवळच्या उत्रोलीहून. वसुबारसेपासनं पाडव्यापर्यंत रोज सकाळी अंगण सारवायचं आणि शेणाच्या गवळणी करून मांडायच्या. हाताच्या पंजाएवढ्या. एकीच्या डोक्यावर दुधाचा हंडा, एक ताक घुसळणारी, एक जात्यावर बसलेली. बाजूला गाई, वासरू, विहीर. डोळ्यांना भाताचे दाणे, डोक्यात झेंडूची पाकळी. संध्याकाळी त्या उचलून पत्र्यावर वाळत टाकायच्या आणि रथसप्तमीला त्यांच्याच जाळावर दूध उतू घालायचं. पन्नासेक वर्षं माझ्या अंगणात त्या अशा उभ्या राहिल्या. आता मला त्या परत पाहिजे होत्या. कुणाच्याही नव्हे, हिच्याच. तिच्या हाताची चाल पोरीला येत नाही. पोरगी पुण्याला धायरीत असते, फोनवर म्हणाली, "आबा, आईनं मला जवळ बसवलंच न्हाई कधी. शेणात हात घालू नको, अभ्यास कर म्हणायची."

ती चाल येत होती एकाच माणसाला. आणि त्याच्या दारात मला जायचं नव्हतं. त्यातनं तो आठवड्याभरात गाव सोडून चालला होता.

तो म्हणजे इंजिनेर. नाव अविनाश, पण आम्ही सगळे इंजिनेरच म्हणतो. मूर्ती ओततो. कास्याच्या ओततो आणि काचेच्याही. सात-आठ वर्षांमागं टेम्पोत पत्रे घालून आला आणि आमच्या खालच्या पडीक तुकड्यात शेड उभी केली. गावाला वाटलं कोंबड्या पाळणार. मग तो पानशेतच्या हॉटेलांतनं पोत्यानं रिकाम्या बाटल्या आणायला लागला आणि शेडीतनं धूर निघायला लागला, तेव्हा गावाची खात्री पटली. पोलीस पाटील स्वतः गेले.

"भट्टी कसली हो ही?"

"काचेची."

"काचंतनं काय काढता?"

"काचच."

पाटील परत येताना म्हणाले, "येडं हाय. पण निरुपद्रवी."

माझं मत वेगळं होतं.

तो आधी पिंपरीकडं एका कारखान्यात पंपाचे साचे करायचा. एकदा आमच्या ओट्यावर चहा पिताना सांगत होता, की तिथं एका साच्यातनं सगळे भाग सारखे निघायला पाहिजेत, आणि एखादा वाकडा निघाला की तो परत वितळवायचा. "मी दिवसभर त्या वाकड्यांकडेच बघत बसायचो, काकू. वाटायचं, यांनाच काहीतरी सांगायचं आहे." मी मनात म्हणालो, पगार घेऊन वाकडं बघत बसायचं, चांगला धंदा आहे. इंदू म्हणाली, "भाकरीचं बी तसंच. गोल गोल थापून जीव विटतो. वाकडी झाली की तेवढीच आपली वाटती." तो तिच्याकडं असा बघायला लागला, जसं काही पन्नास वर्षांत तिच्या भाकरीविषयी कुणी विचारलंच नव्हतं आणि आता हा विचारणार.

पहिला हिवाळा संपता संपता त्याच्याकडचा शिधा संपला. एक दिवस दाढी घोटून, इस्तरीचा शर्ट घालून आला. म्हणाला, पुन्हा नोकरी धरली, परवापासून कारखान्यात. इंदूचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. पण मोसम पालटला की हा परत हजर, दाढी वाढलेली, हाताला मेण लागलेलं. मग परत तिकडं. मग परत हिकडं. कधी आठवड्यात अर्धे दिवस तिथं, अर्धे हितं. वेल्ह्याच्या रस्त्यानं त्याची मोटारसायकल आली की तिच्या आवाजावरनं इंदू ओळखायची.

मला त्याचा खरा राग ह्याच्यासाठी यायचा. जन्मलो तेव्हा माझ्या हातात एक काम दिलं, भात. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी, आणि परत चिखलणी. कंटाळा आला तर जायचं कुठं? हा मात्र पोट रिकामं झालं की तिकडं जाणार, जीव रिकामा झाला की हिकडं येणार. एका माणसाला दोन जन्म, आणि तेही एका मोटारसायकलीच्या अंतरावर.

मी हे बोललो तर इंदू म्हणायची, "त्येला तिकडं झोप येत न्हाई नि हिकडं जेवाया मिळत न्हाई. त्याचं काय चांगलं दिसतंय तुमाला?"

"मला दोन्ही मिळतं म्हणून मी बैल व्हय?"

"आता तुमीच म्हणला," म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

ती त्याच्याकडं कशी जायला लागली, तर साच्यामुळं. त्याच्या साच्याला माती, शेण आणि भाताचा तूस लागायचा. तिन्ही आमच्याकडं. आधी टोपली देऊन यायची. मग कालवून द्यायला लागली. मग दुपारची गुरं बांधली की तिथंच. मी वरच्या खाचरात कापणी करत असायचो आणि खालनं तिच्या हसण्याचा आवाज यायचा. घरात ती गप्प बाई. मी विचारलं तेवढंच बोलणार. तिथं एवढं काय हसण्यासारखं होतं? विळा चालता चालता मी कान देऊन ऐकायचो. त्या हसण्यात माझं नाव कुठं ऐकू येत नव्हतं.

लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला. तसलं काही नव्हतं. पोरगा तिच्या लेकीच्या वयाचा. तसलं असतं तर मी काठी घेऊन गेलो असतो आणि मोकळा झालो असतो. ह्याला काठी चालत नाही. हा मत्सर वेगळा असतो. आपल्या घरातल्या माणसात एक खोली होती, ती आपल्याला माहीत नव्हती आणि कुणीतरी पावण्यासारखा येऊन सरळ तिथं जाऊन बसला, असा.

मग ती दिवाळी आली, तिच्या हयातीतली शेवटची. इंजिनेर सकाळी दूध न्यायला आला आणि अंगणात गवळणी बघून जागच्या जागी बसला. चड्डी-बनियनवर होता, दुधाचं भांडं हातात. म्हणाला, "काकू, ह्या ओतायच्या. कास्यात."

"ह्या? आवो ह्या शेणाच्या हायेत. दीस मावळला की उचलायच्या."

"म्हणूनच."

त्याचा हिशोब असा, की एरवी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा साचा चढवतात, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. इथं मेणाऐवजी वाळलेली गवळणच साच्यात ठेवायची. आत शेण जळेल आणि तिची जागा रिकामी राहील. तिथं कासं. इंदूला हे एका झटक्यात कळलं. मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तिनं सांगितलं, त्यानं नाही, हे मला जास्त लागलं.

त्या वर्षी रोज सकाळी तो तिच्या शेजारी बसून गवळणी करायला शिकला, आणि संध्याकाळी त्या पत्र्यावर जायच्या ऐवजी खाली शेडीत गेल्या. मी म्हणालो, "रथसप्तमीला दूध कशावर उतू घालणार?"

"गवऱ्या काय कमी हायेत घरात?"

"त्या गवळणींच्याच लागत्यात. पद्धत हाये."

"एक साल सूर्यदेव समजून घेतील," ती म्हणाली. "तुमीच घेत न्हाई."

पहिल्या साच्यांचं वाटोळं झालं. शेण जळलं पण राख आतच राहिली, आणि कासं अर्ध्या वाटेवर अडलं. गवळण निघाली ती कमरेपर्यंतच. इंजिनेर डोकं धरून बसला. मी त्या दिवशी जेवलो चांगला. पण कारखान्यात शिकलेलं त्याच्या कामाला आलं. वारा कुठनं आत जाईल, कुठनं बाहेर येईल, ह्याची चित्रं काढली, साच्याला जादा भोकं ठेवली आणि सायकलीच्या पंपानं आतली राख फुंकून काढली. पंप मारायला कोण? इंदू. सासरी आल्यापासनं तिनं सायकलीला हात लावला नव्हता, आणि आता पदर खोचून पंप मारत होती. मी बांधावरनं बघितलं. तिचं तोंड लाल झालेलं, केसांत राख, आणि इंजिनेर ओरडतोय, "हळू, काकू, हळू! फुगा नाही तो!" दोघं मग हसत खाली बसले. मी विळा उचलला आणि उगाच एक पेंडी दुसऱ्यांदा बांधली.

पुढच्या खेपेला गवळणी पुऱ्या निघाल्या. तांबूस, खरबरीत, अंगावर शेणातल्या काडीचीसुद्धा खूण. काचेचं काम त्याहून अवघड. ते पानशेतच्या बाटल्यांतनं. इंदू म्हणाली, "अरं, दारूच्या बाटलीची गवळण? दूध नासंल तिच्या डोईवरचं!" पण तीच रोज भट्टीपाशी जाऊन बसायची. काच ओतल्यावर भट्टी उघडायची नसते, दिवसच्या दिवस ती हळूहळू निवू द्यायची, घाई केली की तडकते. इंदू त्याला दटावायची, "बाळंतिणीच्या खोलीत डोकवू नये. बस गप." शेवटी निघाली ती एकच धड, हिरवट रंगाची. काचेत राख अडकून राहिली होती. उन्हात धरली की आत धुराची एक बट दिसायची. इंजिनेर म्हणाला, काम फसलं. इंदू म्हणाली, "फसलंय कुठं? चूल पेटलीया तिच्या पोटात." घरी येऊन मला तेच तीनदा सांगितलं.

ह्या सगळ्याच्या आधी, त्याच दिवाळीत, भाऊबीजेला तिनं त्याच्यासाठी पाट मांडला होता. तिला भाऊ नव्हता. उत्रोलीचं घर आईबापाच्या मागं पडून गेलं, दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. त्या वर्षी तिनं इंजिनेरला ओवाळलं. मी गोठ्यात होतो. तो विचारत होता, "काकू, ओवाळणी काय देऊ?" आणि ती खालच्या आवाजात काहीतरी बोलली. मला वाटलं, साडी मागितली असेल. मनात म्हणालो, एकदा ह्याचा हात खिशात जाऊ दे, मग कळेल भाऊ होणं काय असतं.

माघात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, जीपमध्ये घातली, भोरच्या अलीकडंच डोकं माझ्या खांद्यावर पडलं. घरी आणून अंगणात ठेवली. आमच्यात बाईच्या अंगावर आधी माहेरचं लुगडं पडतं, मग सासरचं. म्हाताऱ्या बायांनी विचारलं, "म्हायेरचं कोन आणतंय?" मी म्हणालो, "कोन हाये तिच्या म्हायेराला? माझंच घाला." त्यांनी घडी मोडायला घेतली, तेवढ्यात मोटारसायकल वाजली.

इंजिनेर तेव्हा कारखान्यात होता. कुणीतरी मोबाईल केला असेल. अंगावर कारखान्याचे कपडे, छातीवर बिल्ला तसाच, आणि हातात भोरच्या दुकानाची पिशवी. आत हिरवं लुगडं. सवाष्णीला हिरवंच लागतं, हे त्याला कसं ठाऊक?

मी विचारलंच. "तुला कुनी सांगितलं हे?"

तो म्हणाला, "काकूंनी. भाऊबीजेला ओवाळणीत हेच मागितलं होतं. म्हणाल्या, आत्ता काही नको. माझी वेळ येईल तेव्हा माहेरचं लुगडं तेवढं आण."

म्हणजे ती ओवाळणी ही होती. पन्नास वर्षं माझ्या शेजारी निजली आणि तिच्या जिवाला हा घोर होता, की मेल्यावर अंगावर माहेरचं लुगडं पडणार नाही. मला एका शब्दानं बोलली नाही. त्याला बोलली. त्याचं लुगडं आधी पडलं. माझं वरनं, दुसरं. रडताना लोक त्याच्या पाठीवर हात फिरवत होते, भाऊ ना तो. मी नवरा, मला सगळे म्हणत होते, धीर धरा.

वर्षश्राद्धाला त्यानं मला कास्यातली एक गवळण आणून दिली, हंडेवाली. फडताळात ठेवलीय. दिवसातनं एकदा हातात घेतो. कमरेपाशी इंदूच्या अंगठ्याचा खळगा आहे, माझा अंगठा त्यात बसत नाही, मोठा पडतो. उलटी केली तर बुडाला इंजिनेरची सही. मी त्याला विचारलं होतं, "ही कुनाची?"

"दोघांची, दादा."

"मग सही एकाचीच का?"

तो ओशाळला. म्हणाला, "घासून काढतो."

"राहू दे. घासलंस तर ती घासलेली जागा पण तुझीच."

तेव्हापासनं आम्ही रस्त्यात भेटलो तरी हूं म्हणण्यापलीकडं जात नव्हतो. आणि यंदा ऐन कापणीत कमलनं कुंपणावरनं बातमी टाकली. "इंजिनेर भट्टी काढतोय म्हनं. कारखान्यात मोठी जागा मिळाली, घरी आई आजारी हाये. ह्या टायमाला परत येत न्हाई." मला आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. मग कळलं, हा गेला की तिच्या हाताची चाल पण टेम्पोत बसून जाणार.

वसुबारसेच्या सकाळी मी घमेलंभर ताजं शेण घेतलं आणि खाली उतरलो. टेम्पो उभा होता. अर्धी भट्टी आत चढलेली, पत्रे सुटलेले. काचेची गवळण चिंध्यांत गुंडाळून पुढच्या सीटवर, माणसासारखी. इंजिनेर दोरी आवळत होता.

"दादा? तुम्ही?"

"अंगणात चल. गवळणी करायच्यात."

"आत्ता? दादा, टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे. तिला भाऊ म्हणून लुगडं आणलंस ना? मग हे बी कर. हिच्यासारख्या कर. मला येत न्हाईत." एवढं बोलायला मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

त्यानं दोरी सोडली. वर आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अंगणात उकिडवा बसला. मी ओट्यावर. त्यानं शेणाचा गोळा घेतला, बूड दाबून घागरा केला, अंगठा पाण्यात बुडवला आणि कमरेपाशी दाबून मनगट आत वळवलं. मान निघाली. तिचाच हात, माझ्याच अंगणात, दुसऱ्याच्या मनगटाला लागलेला. बघवेना आणि नजर हलेना.

तेवढ्यात मला त्याची करंगळी दिसली. उजव्या हाताची करंगळी त्यानं ताठ वर धरली होती. सगळा हात शेणात, ती एकटी बाहेर.

"करंगळी का वर धरलीयास?"

"काकू अशीच धरायच्या," तो म्हणाला. "मला वाटतं त्यामुळे मनगट मोकळं वळतं. मी कारखान्यातसुद्धा मेणाला हात लावला की आता अशीच धरतो. पद्धतच आहे ती."

पद्धत. लग्नानंतरची पहिली कापणी होती. तिला आमच्या खाचराची सवय नव्हती, विळा निसटला आणि करंगळीच्या शिरेवर बसला. मी धोतराची पट्टी फाडून बांधली, दाबून धरली. ती रडली नाही, माझ्याकडं बघत राहिली, आणि नव्या नवरीनं असं भर शेतात नवऱ्याकडं बघायचं नसतं म्हणून मीच मान खाली घातली. ती करंगळी त्यानंतर कधी वाकली नाही. भाकरी थापताना वर, मला वाढताना वर, निजली तरी वर. त्या विळ्याचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. एवढं सगळं सांगितलं, हे नाही.

माझ्या तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर तो थांबला असता, विचारात पडला असता, त्यातनं अजून एक मूर्ती निघाली असती. मी तोंड मिटलं.

गवळण उभी राहिली. भाताचे दाणे खोचून त्यानं डोळे केले आणि माझ्याकडं बघितलं. मी ओट्यावरनं उतरलो, ती उचलली आणि परत गोळा करून त्याच्या पुढ्यात टाकली.

"चुकली का, दादा?"

"न्हाई."

"मग?"

टेम्पोवाल्यानं खालनं हॉर्न दिला. इंजिनेर माझ्या तोंडाकडं बघत होता.

"कर म्हनतो ना," मी म्हणालो आणि ती करंगळी नीट दिसेल असा त्याच्या हाताशी जरा सरकून बसलो.